दूरध्वनी, ठाणे दैनंदिनी आणि पक्षीय वाद : खामगाव सावकारी प्रकरणाचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

शासनाच्या धोरणांविषयी व वर्तनाविषयी राजकीय पक्षांत मतभेद असणे हे संसदीय लोकशाहीचे स्वाभाविक लक्षण होय. तथापि असे मतभेद पुष्कळदा निर्णयाप्रत पोहोचत नाहीत. विरोधी पक्ष आरोप करतो, सत्तारूढ पक्ष त्यामागे राजकीय हेतू असल्याचे सांगतो, काही दिवस सभागृहाचे कामकाज विस्कळीत होते आणि नंतर नवा विषय येतो. मूळ प्रश्न खरा होता की खोटा, हे सामान्य नागरिकास अखेरपर्यंत कळत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथून २००६ मध्ये सुरू झालेले व १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपलेले सावकारी प्रकरण या नियमाला अपवाद ठरले. राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे वर्तन घटनाबाह्य ठरविले जाणे आणि त्यापायी राज्य शासनास दहा लक्ष रुपयांचा खर्च सोसावा लागणे ही घटना महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात विरळाच आहे.

राज्यशास्त्र, लोकप्रशासन व विधी या विषयांच्या अध्यापनात सदर प्रकरणाचा उल्लेख होतो. मात्र तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो आणि तेही वाक्य वक्त्याच्या पक्षीय कलानुसार बदलते. प्रस्तुत लेखात या प्रकरणातील निरनिराळे प्रश्न एकमेकांपासून वेगळे करण्याचा व पक्षीय वादातून निर्णयक्षम प्रश्न कसा निष्पन्न झाला हे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सन २००६ ची परिस्थिती

सन २००४ नंतर पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न राज्याच्या व देशाच्या राजकारणाच्या अग्रभागी आला होता. राज्यात काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचे आघाडी शासन होते. मुख्यमंत्रिपद विलासराव देशमुख यांच्याकडे, तर उपमुख्यमंत्रिपद व गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. शासनाने डिसेंबर २००५ मध्ये १,०७५ कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. त्यानंतर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष सहाय्य घोषित केले. या रकमेतील सर्वांत मोठा वाटा, म्हणजे २,१७७ कोटी रुपये, सिंचन प्रकल्पांसाठी होता. थकीत कर्जावरील व्याजमाफीसाठी ७१२ कोटी रुपये होते.

या धोरणांवर भारतीय जनता पक्ष, शिवसेना व शेतकरी संघटना यांनी टीका केली. व्याज माफ करून मुद्दल कायम ठेवण्याने शेतकरी कर्जमुक्त कसा होणार, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. शासनाची बाजू अशी की, केवळ कर्जमाफीने उत्पन्न वाढत नाही, त्यासाठी पाणी व पतपुरवठा यांत गुंतवणूक करावी लागते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते. पुढे २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत दोन हेक्टरांची मर्यादा ठेवण्यात आली, तेव्हा विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचे क्षेत्र अधिक असूनही उत्पन्न अल्प असते, ही वस्तुस्थिती दुर्लक्षित झाली. याबाबतची टीका प्रस्तुत लेखकास रास्त वाटते.

परंतु या सर्व चर्चेत एक गोष्ट दोन्ही बाजूंनी कमी बोलली गेली. पॅकेज असो वा कर्जमाफी, ती बँका व सहकारी संस्था यांच्या कर्जापुरती होती. खाजगी सावकाराचे कर्ज त्यात नव्हते. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ च्या प्रारंभी राज्य शासनास सादर केलेल्या अहवालात पश्चिम विदर्भातील ज्या १११ आत्महत्यांचा अभ्यास केला होता, त्यांपैकी बहुसंख्य प्रकरणांत कर्जबाजारीपणा आढळला होता. सहकारी पतसंस्थेत थकबाकीदार ठरलेल्या शेतकऱ्यास नवे कर्ज मिळत नाही. मृग नक्षत्र तोंडावर आलेले असते. बियाणे रोखीने घ्यावे लागते. अशा वेळी गावातील वा तालुक्याच्या गावातील सावकाराचा उंबरठा चढण्यावाचून गत्यंतर नसते. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची स्थिती पुढे इतकी खालावली की, २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर व वर्धा येथील जिल्हा बँकांसोबत तिलाही ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. संस्थात्मक पतपुरवठा जेथे आटतो, तेथे सावकारी वाढते, हे सांगण्यास मोठ्या सिद्धांताची आवश्यकता नाही.

सावकारीवर त्या काळी मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ लागू होता. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यानुसार गुन्हा होता. गृहमंत्री पाटील यांनी अवैध सावकारांविरुद्ध अतिशय कठोर भाषेत जाहीर इशारे दिले होते आणि त्यांचे ते उद्गार विदर्भात दीर्घकाळ लोकांच्या स्मरणात राहिले. तक्रारी ऐकण्यासाठी जिल्हास्तरीय समित्याही नेमण्यात आल्या होत्या. म्हणजे शासनाची घोषित भूमिका संदिग्ध नव्हती. प्रश्न निर्माण झाला तो ही भूमिका सत्तारूढ पक्षाच्या दारापर्यंत पोहोचली तेव्हा.

घटनाक्रम

खामगाव हे कापसाच्या व्यापाराचे जुने केंद्र. तेथील विधानसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व १९९९ पासून काँग्रेसचे दिलीपकुमार सानंदा करीत होते. त्यांच्या वडिलांविरुद्ध अवैध सावकारीची तक्रार घेऊन एक शेतकरी मे २००६ च्या अखेरीस खामगाव शहर पोलीस ठाण्यात आला. यानंतर मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून ठाण्यात दूरध्वनी आला. ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांनी त्या दूरध्वनीची नोंद ठाणे दैनंदिनीत केली.

जून २००६ च्या पहिल्या आठवड्यात बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा पोलीस अधीक्षकांस एक पत्र पाठविले. त्या पत्रात मुख्यमंत्र्यांच्या सूचनेचा स्पष्ट उल्लेख होता. आमदार सानंदा व त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्ध सावकारीच्या ज्या तक्रारी येतील त्या प्रथम जिल्हास्तरीय सावकारविरोधी समितीपुढे ठेवाव्यात, समितीने जिल्हा सरकारी वकिलांचे मत घ्यावे आणि त्यानंतरच कारवाईचा निर्णय करावा, असा त्या सूचनेचा आशय होता.

तक्रारदार शेतकऱ्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे याचिका दाखल केली. खंडपीठाने २००९ मध्ये शासनाविरुद्ध निर्णय देऊन २५ हजार रुपये खर्च बसविला. येथे प्रकरण थांबू शकले असते. परंतु राज्य शासनानेच या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी व न्यायमूर्ती ए. के. गांगुली यांच्या खंडपीठाने अपील फेटाळून खर्चाची रक्कम २५ हजारांवरून दहा लक्ष रुपये केली. ही रक्कम महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावी व ती गरीब शेतकऱ्यांच्या प्रकरणांत साह्य करण्यासाठी राखून ठेवावी, असा आदेश होता.

दोन बाजूंचे युक्तिवाद

निर्णयाच्या वेळी राजकीय वातावरण आधीच तापलेले होते. आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात अशोक चव्हाण यांना नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते व पृथ्वीराज चव्हाण यांनी कार्यभार स्वीकारून जेमतेम एक महिना झाला होता. विलासराव देशमुख त्या वेळी केंद्रात अवजड उद्योग मंत्री होते. भारतीय जनता पक्षाने त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याकडे ग्रामीण विकास खाते सोपविण्यात आले, तेव्हा ही टीका अधिक तीव्र झाली. शेतकऱ्याच्या तक्रारीत हस्तक्षेप केल्याचा ठपका असलेल्या व्यक्तीकडे ग्रामीण भारताचे खाते द्यावे काय, असा विरोधकांचा प्रश्न होता.

स्थानिक पातळीवर या वादास आणखी एक पदर होता. विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद २००५ ते २०११ या काळात खामगावच्याच पांडुरंग फुंडकर यांच्याकडे होते. १९७८ व १९८० मध्ये त्यांनी याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले होते आणि पुढे २०१४ च्या निवडणुकीत त्यांचे पुत्र आकाश फुंडकर यांनी सानंदा यांचा पराभव केला. म्हणून खामगावात हा वाद केवळ तत्त्वाचा कधीच नव्हता. तक्रारींमागे राजकीय वैर आहे, हा सानंदा यांच्या बाजूचा मुद्दा लोकांना सकृद्दर्शनी असंभवनीय वाटत नसे, आणि सत्तेच्या बळावर तक्रारी दडपल्या जात आहेत हा विरोधकांचा मुद्दाही तितकाच पटण्यासारखा वाटे. ज्याने ज्या पक्षाला मत दिले त्याला त्या बाजूचे म्हणणे खरे वाटावे, असा हा प्रकार होता.

देशमुख यांच्या बचावाचे सार असे होते : आमदाराने आपल्याकडे येऊन राजकीय हेतूने खोट्या तक्रारी होत असल्याचे सांगितले, लोकप्रतिनिधीचे गाऱ्हाणे ऐकणे हे मुख्यमंत्र्याचे काम आहे, तक्रारी फेटाळा असे सांगितलेले नाही, त्या समितीमार्फत तपासून घ्या एवढेच सांगितले. हा बचाव हास्यास्पद म्हणून बाजूला सारता येत नाही. सावकारीविरोधी मोहीम जोरात असताना खोट्या तक्रारी होण्याची शक्यता खरोखरच असते. शिवाय आपल्या जिल्ह्यांतून आमदाराचा वा मंत्र्याचा दूरध्वनी हा अन्यायाइतकाच न्यायाचाही मार्ग समजला जातो. ठाण्यात तक्रार घेतली जात नाही म्हणून आमदाराकडे जाणारा व ‘साहेबांना फोन लावायला सांगा’ अशी विनवणी करणारा नागरिक सर्वच पक्षांच्या कार्यालयांत भेटतो. दूरध्वनीची ही संस्कृती केवळ नेत्यांनी निर्माण केलेली नाही, मतदारांनीही ती मागितली आहे.

न्यायालयाने काय ठरविले

या प्रकरणात वस्तुतः तीन प्रश्न गुंतलेले होते. सावकारीचे आरोप खरे होते काय, हा पहिला. मुख्यमंत्र्यांस अशी सूचना देण्याचा अधिकार होता काय, हा दुसरा. आणि संबंधित नेत्याने राजकीय जबाबदारी म्हणून पद सोडावे काय, हा तिसरा. पक्षीय वादात पहिल्या व तिसऱ्या प्रश्नावर सारा भर राहिला. न्यायालयाने निर्णय दिला तो केवळ दुसऱ्या प्रश्नावर. हा भेद लक्षात न घेतल्याने निर्णयानंतरही दोन्ही बाजूंकडून चुकीची विधाने होत राहिली. न्यायालयाने आमदारांच्या कुटुंबास सावकारीबद्दल दोषी ठरविले, असे म्हणणे चूक आहे. तो विषय त्या अपिलात नव्हताच. उलट, आरोप सिद्ध झालेले नाहीत म्हणून मुख्यमंत्र्यांचे काहीच चुकले नाही, हे म्हणणेही तितकेच चूक आहे. तक्रार खोटी निघाली असती तरी सूचना बेकायदेशीरच राहिली असती.

याचे कारण फौजदारी प्रक्रियेच्या रचनेत आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती नोंदविण्याचे कर्तव्य त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ ने ठाणे अंमलदारावर टाकले होते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकाकडे व त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद होती. या साखळीत जिल्हाधिकारी नाही, सरकारी वकील नाही आणि मुख्यमंत्रीही नाही. जिल्ह्यातील पोलीस दलावर जिल्हादंडाधिकाऱ्याचे सर्वसाधारण नियंत्रण पोलीस कायद्याने मान्य केले आहे हे खरे. परंतु एखादी विशिष्ट तक्रार नोंदवावी की नोंदवू नये, हे सांगण्यापर्यंत ते नियंत्रण जात नाही. तपासाची दिशा ठरविणे हे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे काम आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर होती. सूचना जिल्ह्यातील सर्व सावकारांविषयी नव्हती. ती एका आमदाराच्या कुटुंबापुरती होती. सर्व तक्रारी आधी समितीपुढे न्याव्यात असा सरसकट नियम असता, तर तो कायद्याशी विसंगत ठरला असता, पण निदान पक्षपाती ठरला नसता. येथे एकाच जिल्ह्यात दोन शेतकऱ्यांसाठी दोन पद्धती तयार झाल्या : ज्याचा सावकार सामान्य, त्याची तक्रार सरळ ठाण्यात, ज्याचा सावकार आमदाराचा आप्त, त्याची तक्रार समिती, सरकारी वकील अशा वळणांनी. राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेचे तत्त्व वर्गात शिकविताना याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. मुख्यमंत्र्याच्या पदाचे वजन पाहता त्याची ‘सूचना’ ही अधिकाऱ्यासाठी आज्ञाच असते, हेही न्यायालयाने दृष्टिआड केले नाही. विदर्भात शेतकरी आत्महत्या करीत असताना अशी सूचना दिली जावी, याबद्दल निकालपत्रात तीव्र खेद व्यक्त झाला आहे.

यात एक सूक्ष्म मुद्दा सहसा निदर्शनास आणला जात नाही. गृहखाते त्या वेळी मुख्यमंत्र्यांकडे नव्हते, ते आघाडीतील दुसऱ्या पक्षाकडे होते. म्हणजे पोलीस ठाण्यात जो दूरध्वनी आला तो गृहखात्याच्या मार्गाने आलेला नव्हता, आणि लेखी सूचना जी गेली ती महसूल यंत्रणेच्या प्रमुखाकडून गेली. आघाडी शासनात पोलीस यंत्रणेवरील राजकीय नियंत्रणाचे दोन प्रवाह कसे असू शकतात, याचा अभ्यास या अंगाने होणे आवश्यक आहे.

लेखी नोंदीचे महत्त्व

या प्रकरणातील खरे वेगळेपण येथे आहे. मंत्र्याने पोलिसांना दूरध्वनी केला, असा आरोप प्रत्येक अधिवेशनात होतो. त्याचा इन्कारही होतो आणि ऐकणाऱ्याने आपापल्या पक्षानुसार विश्वास ठेवायचा असतो. खामगावच्या बाबतीत इन्कार करण्यास जागा उरली नाही, कारण दोन कागद अस्तित्वात होते : एक ठाणे दैनंदिनीतील नोंद आणि दुसरा जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र. हे दोन्ही कागद विरोधी पक्षाने निर्माण केलेले नव्हते. शासनाच्याच सेवेतील दोन अधिकाऱ्यांनी, घटना घडत असताना, नित्याच्या कामकाजाचा भाग म्हणून ते लिहिले होते. दैनंदिनीतील नोंद करणाऱ्या निरीक्षकाने ती सावधगिरीने केली की केवळ सवयीने, हे महत्त्वाचे नाही. नोंद झाली, ती टिकली आणि न्यायालयापुढे आली.

शासकीय कृतीचा अर्थ कागदावरून लावावा, नंतरच्या खुलाशावरून नव्हे, हे तत्त्व भारतीय न्यायव्यवस्थेत जुने आहे. सन १९५१ च्या गोरधनदास भानजी प्रकरणात मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरी येथील चित्रपटगृहाच्या बांधकामास दिलेली अनुमती शासनाच्या निर्देशावरून रद्द केली होती. आयुक्ताने अधिकार स्वतःच्या विवेकाने वापरला पाहिजे, वरिष्ठांच्या सांगण्यावरून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरून करावयाचा असतो, अधिकाऱ्याच्या मनात काय होते याच्या नंतरच्या स्पष्टीकरणावरून नाही, हेही त्याच निकालात सांगितले गेले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस हे त्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि बुलढाणा जिल्हा त्या वेळी याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. हा योगायोगच, पण वऱ्हाडातील विद्यार्थ्यांस सांगण्याजोगा.

तोंडी आदेशांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात पुन्हा भाष्य केले व सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर विसंबून काम करू नये, वरिष्ठांकडून त्या लेखी घ्याव्यात, असे बजावले. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत अशी तरतूद होतीच. व्यवहारात तिचा वापर किती होतो, हे प्रशासनात काम केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. लेखी आदेश मागणारा अधिकारी बदलीस पात्र ठरतो, हा समज सर्व पक्षांच्या राजवटींत सारखाच दृढ आहे.

दहा लक्ष रुपयांचा भार

खर्चाची रक्कम राज्य शासनावर बसविण्यात आली. विरोधी पक्षांनी व अनेक नागरिकांनी यावर घेतलेला आक्षेप सरळ होता : चूक एका व्यक्तीची आणि दंड करदात्यांच्या तिजोरीतून का? हा आक्षेप भावनिकदृष्ट्या प्रबळ आहे. त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मंत्र्यावर वैयक्तिक आर्थिक भार टाकण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी केला होता. पेट्रोल पंपांच्या वाटपाबद्दल माजी केंद्रीय मंत्री सतीश शर्मा यांनी ५० लक्ष रुपये भरावेत असा आदेश १९९६ मध्ये देण्यात आला. परंतु १९९९ मध्ये पुनर्विलोकनात न्यायालयानेच तो मागे घेतला. शिवाय खामगाव प्रकरणात अपील करणारा पक्षकार राज्य शासन होता. पंचवीस हजारांचा निर्णय स्वीकारून प्रकरण संपविण्याऐवजी अपिलात जाण्याचा निर्णय झाला, तेव्हा विलासराव मुख्यमंत्री नव्हते. २००८ च्या डिसेंबरमध्येच त्यांनी पद सोडले होते. व्यक्तीच्या वर्तनाचे समर्थन पुढील शासनाने संस्थेच्या नावाने चालू ठेवले, आणि म्हणून संस्थेवर भार पडला. प्रस्तुत लेखकाच्या मते या अपिलाच्या निर्णयाची चर्चा मूळ दूरध्वनीइतकीच व्हावयास हवी होती. ती विरोधी पक्षांनीही फारशी केली नाही.

राजीनाम्याचा तिसरा प्रश्न अखेरपर्यंत अनिर्णित राहिला. विलासराव देशमुख यांचे १४ ऑगस्ट २०१२ रोजी निधन झाले, त्या वेळी ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते.

भूमिकांची अदलाबदल

सत्तांतरानंतर पक्षांच्या भूमिका कशा बदलतात, हे पाहणे बोधप्रद आहे. भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे सावकारांकडील कर्ज माफ करण्याची योजना आणली, तेव्हा ती परवानाधारक सावकारांपुरतीच मर्यादित होती. आता काँग्रेसने विचारावे की अवैध सावकाराच्या पाशात सापडलेल्याचे काय, आणि शासनाने उत्तर द्यावे की नोंद नसलेल्या कर्जाची माफी करणार कशी. शासनाच्या या उत्तरात अडचण खरी होती. परंतु विरोधात असताना हाच पक्ष ती अडचण मान्य करीत नसे.

पोलिसांवरील दबावाच्या प्रश्नावरही हेच घडले. मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांनी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर पोलीस अधिकाऱ्यांना वसुलीच्या तोंडी सूचना दिल्याचा आरोप पत्राद्वारे केला. उच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी प्राथमिक चौकशीचा आदेश दिला व त्याच दिवशी देशमुख यांनी राजीनामा दिला. परंतु न्यायमूर्ती चांदीवाल आयोगापुढे सिंग यांनी आपल्याकडे देण्यासारखा अधिक पुरावा नसल्याचे प्रतिज्ञापत्राद्वारे कळविले. तपास यंत्रणांची प्रकरणे पुढे आपापल्या मार्गाने गेली. आरोपाच्या सत्यतेबाबतची लोकमताची विभागणी मात्र पक्षांच्या सीमारेषांवरच कायम राहिली. घटना घडत असताना केलेली ठाणे दैनंदिनीसारखी नोंद असणे व नसणे यांतला फरक येथे दिसतो.

बुलढाणा जिल्ह्याशी संबंधित आणखी एक प्रसंग जुलै २०२५ मधील आहे. बुलढाण्याचे शिवसेनेचे आमदार संजय गायकवाड यांनी मुंबईतील आमदार निवासाच्या उपाहारगृहातील कर्मचाऱ्यास मारहाण केल्याची चित्रफीत प्रसृत झाली. पोलीस स्वतःहून कारवाई का करीत नाहीत, असा प्रश्न या वेळी काँग्रेससह विरोधी पक्षांनी विचारला. तक्रार आल्याशिवाय कारवाई कशी, असा सूर सत्तारूढ बाजूने निघाला. पुढे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी औपचारिक तक्रारीची वाट पाहण्याची पोलिसांना गरज नसल्याचे म्हटले आणि अदखलपात्र गुन्हा नोंदविला गेला. दोन प्रसंगांची गंभीरता सारखी नाही. परंतु २००६ मध्ये जो पक्ष पोलिसांच्या स्वायत्ततेचा कैवार घेत होता तो आता सत्तेत होता, आणि जो तेव्हा बचावात होता तो प्रश्न विचारीत होता.

कायद्यातील पुढील बदल

खामगाव प्रकरणानंतर संबंधित कायद्याची दोन्ही अंगे बदलली आहेत. सावकारीच्या बाजूने पाहता, १९४६ च्या अधिनियमाची जागा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली. विनापरवाना सावकारीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. कर्जापोटी बळकावलेली स्थावर मालमत्ता, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असल्यास, चौकशीअंती शेतकऱ्यास परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास मिळाला. सहकार खात्याचा हा अधिकारी जिल्हा उपनिबंधक म्हणून लोकांस परिचित आहे. त्यामुळे तक्रारदारासाठी ठाण्याव्यतिरिक्त दुसरे दार उघडले.

फौजदारी प्रक्रियेच्या बाजूने पाहता, ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद करणे बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला व प्राथमिक चौकशीस मोजक्या प्रकारच्या प्रकरणांतच वाव ठेवला. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये या स्थितीत बदल झाला आहे. तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षकाच्या पूर्वपरवानगीने, सकृद्दर्शनी प्रकरण आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते. विनापरवाना सावकारीची कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने तो गुन्हा या वर्गात येतो.

‘आधी चौकशी, मग कारवाई’ हे २००६ च्या पत्रातील सूत्र अशा रीतीने मर्यादित स्वरूपात कायद्यात आले आहे. फरक असा की, चौकशी करावयाची ती पोलीस अधिकाऱ्याने, परवानगी द्यावयाची ती पोलीस उपअधीक्षकाने आणि मुदत चौदा दिवसांची. जिल्हाधिकारी, समिती व सरकारी वकील यांना या टप्प्यावर आजही स्थान नाही. आता खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या ठाण्यात सावकाराविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळाल्यास ते उत्तर पंधराव्या दिवसापासून कायद्याच्या आधाराशिवाय असते. आणि चौकशीची परवानगी उपअधीक्षकाने स्वतःच्या विवेकाने दिली की कोणाच्या सांगण्यावरून, हे पाहण्यासाठी पुन्हा कागदच तपासावा लागतो.